केवळ भाव पुरे का?

सज्जनहो, ‘भाव तेथे देव’ हे आपण आईच्या मांडीवर असल्यापासून ऐकत आलो आहोत, आणि ते खरे आहे याविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. तरीही गेली काही वर्षे एक प्रश्न आमच्या मनात ठाण मांडून बसला आहे. तो आपल्यापुढे ठेवल्याशिवाय आता चैन पडत नाही. देवापुढे भाव पुरतो हे कबूल. पण देवाने निर्माण केलेल्या एखाद्या जीवाचा भार आपण होऊन अंगावर घेतला, तर तेथेही केवळ भाव पुरतो काय? हेतू चांगला होता, एवढ्याने कर्म चांगले ठरते काय?

हा प्रश्न आम्हांला ग्रंथ वाचून सुचला नाही. तो एका म्हातारीने आमच्या तोंडावर विचारला. त्याची हकिगत आधी सांगतो.

२०१९ च्या आषाढात पंढरीला जाताना आमच्या दिंडीने विसाव्याच्या एका माळावर ५१ रोपे लावली. रस्ते रुंद होताना वाटेवरची जुनी सावली गेली होती, आणि त्याची खंत सर्वांनाच होती. वड, पिंपळ, चिंच, कडुनिंब अशी रोपे टेम्पोत घालून आणली. टाळमृदंगाच्या गजरात खड्डे घेतले, प्रत्येक रोपाला हळदकुंकू वाहिले, फोटो निघाले. त्या रात्रीच्या कीर्तनात आम्ही परोपकारावर दीड तास बोललो. खोटे कशाला सांगावे, त्या रात्री झोप फार गोड लागली.

पुढे २०२० आणि २०२१ साली साथीमुळे पायी वारी झाली नाही. २०२२ च्या आषाढात पुन्हा त्या माळावर आलो, तो ५१ पैकी चार रोपे उभी. बाकी ठिकाणी खड्ड्यांच्या खुणा, आणि काही ठिकाणी वाळलेली काडी अजून तशीच रोवलेली. जवळच्या वस्तीवरची एक म्हातारी दरवर्षी दिंडीला ताक देते. ती आमच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “माउली, झाडं लावली तुम्ही. फोटू तुमचा, पुण्य बी तुमचंच. मग मेली ती कुणाची?”

आम्ही साथीचे कारण पुढे केले. ती शांतपणे म्हणाली, “साथ मागनं आली. झाडं होळीच्या आधीच वाळली व्हती.”

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. सत्तेचाळीस जीव आम्ही घरून उचलून आणले, उन्हात उभे केले, आणि त्यांच्या नावाने पुण्य बांधून पुढे निघून गेलो. भाव होता, यात संशय नाही. पण त्या भावाचा त्या रोपांना काय उपयोग झाला?

त्याच वर्षी भाद्रपदात मारवाडकडे जाण्याचा योग आला. आमच्या खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी सोन्याचांदीच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. त्यांपैकी एक माळकरी जोधपुरास असतात, त्यांनी आग्रहाने बोलावले. जोधपुराच्या आग्नेयेस काही कोसांवर खेजडली नावाचे गाव आहे. तेथे भाद्रपद शुद्ध दशमीस बिश्नोई लोकांची यात्रा भरते. यात्रा दशमीची आणि दुसऱ्या दिवशी एकादशी, तेव्हा नेमही चुकणार नव्हता. आम्ही गेलो. यात्रेनंतर फलोदीच्या वाटेवरील एका ढाणीत, म्हणजे शेतातल्या वस्तीत, एका वृद्ध बिश्नोई शेतकऱ्याकडे चार दिवस राहिलो.

तो मुलूख कसा, ते आधी सांगितले पाहिजे. पंढरीच्या आसपास वर्षाकाठी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि आपण त्याला दुष्काळी म्हणतो. जोधपुराकडे तो साडेतीनशेच्या आसपास, आणि जैसलमेराकडे दोनशेच्याही आत. तोही दोन-तीन महिन्यांतच, आणि कधी कधी तेवढाही नाही. मे महिन्यात वाळू साठ अंशांवर तापते. २०१६ च्या मे महिन्यात फलोदीस हवेचे तापमान ५१ अंश नोंदले गेले. वाऱ्याने वाळू सरकते, आणि आज लावलेले रोप उद्या मुळापासून उघडे पडते, नाहीतर शेंड्यापर्यंत गाडले जाते. अशा भूमीत ते बाबा वीसेक वर्षे झाडे वाढवीत आहेत. त्यांचे मुख्य झाड खेजडी.

वाचकहो, खेजडी म्हणजे आपली शमी, जिला खेड्यात सौंदड म्हणतात. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो आणि वर्षभर विसरतो. तिकडे ती अन्नदात्री आहे. तिच्या कोवळ्या शेंगांची, सांगरीची, भाजी होते. पाला शेळ्या-उंटांना जातो. तिच्याखाली बाजरी चांगली येते, कारण ती जमिनीला सकस करते. ऐन उन्हाळ्यात, पावसाचा थेंब नसताना, तिला नवी पालवी फुटते. १९८३ साली राजस्थानाने तिला राज्यवृक्ष ठरविले.

पहिल्याच संध्याकाळी आम्ही बाबांना विचारले, “एवढ्या उन्हात रोपांना रोज किती पाणी घालता?”

ते हसले. म्हणाले, “रोज? महाराज, रोज घातलं तर ते मरून जाईल.”

आम्ही चकित झालो. आमच्या घरी तुळशीला रोज सकाळी तांब्याभर पाणी. तुळशीला पाणी घातल्यावाचून घरात चहा होत नाही. दया म्हणजे रोज पाणी, हेच आमच्या हाडी मुरलेले. बाबांनी आम्हांला एका रोपाजवळ नेले. वीतभर उंचीचे रोप, चार-सहा पाने. ते म्हणाले, “वर बघून याची कीव करू नका. याचं सगळं काम खाली चाललंय. हे आधी मूळ सोडतं, मग शेंडा. रोज वरवर शिंपडलं की मूळ वरच घुटमळतं, खाली जाऊन काय करील? आणि वरची माती तर वैशाखात तव्यासारखी तापते. ज्या दिवशी तुमचा हात थांबला, त्या दिवशी हे संपलं.”

मग त्यांनी आपली रीत सांगितली. उन्हाळ्यात पाणी द्यायचे ते दहा-पंधरा दिवसांनी, पण दोन घागरी एकदम, म्हणजे ओल खोल जाईल आणि मूळ तिच्यामागे जाईल. नाहीतर रोपाशेजारी मडके गळ्यापर्यंत पुरायचे आणि ते भरून झाकण ठेवायचे. मडके घामेजते, तेवढेच पाणी मुळाला मिळते, आणि उन्हाला काही मिळत नाही. लावणी पहिला चांगला पाऊस झाल्यावर, ढगाळ दिवशी किंवा दिवस कलल्यावर. रोप फार दिवस पिशवीत ठेवलेले नसावे, कारण तळाशी मुळाने एकदा वेटोळे घातले की पुढे जन्मभर ते सरळ खाली जात नाही. खड्ड्यात वाळवीसाठी निंबोळी पेंड. जमिनीला रोपाकडे उतार द्यायचा, म्हणजे आसपास पडलेला थेंबही वाहत येऊन आळ्यात थांबतो. आळ्यावर दगड किंवा वाळला पाला, ओल टिकावी म्हणून. नैर्ऋत्येला खींपाच्या काटक्यांचा आडोसा, कारण दुपारनंतरचे ऊन कोवळी साल भाजते. आणि भोवती बोरीच्या काट्यांचे कुंपण, कारण वाळवंटात शेळीला दुसरे काय हिरवे मिळणार?

सरकत्या वाळूच्या टेकड्यांवर तर रोप लावण्याआधीच वर्षभर काम असते. आधी कुंपण घालून गुरे बंद करायची. मग वाऱ्याला आडव्या अशा वाळलेल्या झुडपांच्या ओळी वाळूत रोवायच्या. वाळू थोडी ठरली, की त्या ओळींच्या आड रोपे. जोधपुरास १९५२ साली वाळवंटात वने वाढविण्याचे केंद्र निघाले. त्याचीच १९५९ साली केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्था झाली. तेथील शास्त्रज्ञांनी ही पद्धत बसविली आणि हजारो हेक्टर वाळू थांबविली. म्हणजे काय, तर झाड लावण्याआधी झाडासाठी जागा शांत करावी लागते.

चौथ्या दिवशी आम्ही विचारले, “आपण आजवर किती झाडे लावली?”

बाबा म्हणाले, “लावली किती ते मोजलं नाही. तीन उन्हाळे काढलेलं तेवढंच मी झाड म्हणतो. त्याआधी ते उसनं आहे.”

सज्जनहो, ५१ हा आकडा आम्ही किती कीर्तनांत मिरविला होता, ते त्या क्षणी आठवले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आम्ही पुष्कळ विचार केला, तो असा. देव भावाचा भुकेला आहे, कारण त्याला दुसरे काही उणे नाही. त्याला वाळले पान वाहिले तरी तो पानाकडे पाहत नाही, वाहणाऱ्याकडे पाहतो. परंतु झाड पाण्याचे भुकेले आहे. त्याला आमचे मन दिसत नाही. जो पूर्ण आहे त्याच्यापुढे भाव पुरतो. जो उणा आहे, तहानलेला आहे, आमच्या हाती सापडला आहे, त्याच्यापुढे नुसता भाव घेऊन उभे राहणे म्हणजे उपाशी माणसाला आशीर्वाद देऊन वाटेला लावणे. तेथे त्याची गरज काय, त्याची जात कोणती, त्याला काय सोसते आणि काय सोसत नाही, हे जाणून घेणे हाच भावाचा पहिला भाग. तुळशीचे पाणी तुळशीला आणि खेजडीचे खेजडीला. दोघींना सारखेच देणे ही समदृष्टी नव्हे, तो आळस आहे.

येथे कोणी शंका घेईल की, पाणी असून न देणे ही निष्ठुरता नाही काय? त्याचे उत्तर प्रत्येक आईजवळ आहे. लेकराचे दूध तोडताना तिचाच जीव तुटतो, तरी ती तोडते. जी दया घेणाऱ्याला कायमचे आपल्या दारी बांधून ठेवते, तिच्यात देणाऱ्याचे सुख अधिक असते. बाबांचे पाणी असे होते की तिसऱ्या वर्षी झाडाने त्यांना विसरून जावे. अर्थात पहिल्याच वर्षी पाठ फिरविणे निराळे, आणि मूळ खोल गेल्यावर हात काढून घेणे निराळे. आम्ही पहिले केले होते. त्याला निष्काम कर्म म्हणण्याचा मोह आम्हांला झाला होता, हेही येथे कबूल करतो.

दुसरी शंका याहून अवघड आहे. चुकीने केले तर दोष लागतो, मग करूच नये हे बरे नव्हे काय? याविषयी त्याच मुलुखातला एक दाखला आहे. विलायती बाभूळ, जिला आपण वेडी बाभूळ म्हणतो, ती परदेशातून आणलेली. कमी पाण्यावर वाढते, सरपण देते, वाळू धरते, म्हणून जोधपूर संस्थानाने तिचा फार पुरस्कार केला, आणि १९४० साली तिला राजवृक्षाचा मान दिला. हेतू उत्तम होता. गोरगरिबांच्या चुली तिच्यावर पेटल्या, हेही खरे. पण तिच्या शेंगा गुरांनी खाल्ल्या, बी शेणातून सर्वत्र गेले, आणि तिने गायराने, ओढे, पडीक राने अशी व्यापली की तेथले मूळचे गवत आणि झाडे मागे हटली. सोलापूर-मराठवाड्याकडच्या वाचकांना हे सांगायला नको, तिचे काटे त्यांच्या पायांना माहीत आहेत. तेव्हा हेतू शुद्ध असूनही फळ कडू येऊ शकते. परंतु यावरून काहीच करू नये असे निघत नाही. थोडे करावे, जवळचे करावे, आणि केल्यावर तेथे थांबून पाहावे, असे निघते. चुकीला भिऊन हात बांधून बसणाऱ्याच्या दारातही ऊन तेवढेच पडते.

मग भोळ्या भावाचे काही मोल नाही काय? ज्ञान असले म्हणजे झाले काय? नाही, सज्जनहो. याचे उत्तर आम्हांला खेजडलीत मिळाले.

जांभोजी महाराजांचा जन्म १४५१ चा, नागौर प्रांतातील पीपासर गावचा. मारवाडात दुष्काळ पडून माणसे देशोधडीला लागलेली त्यांनी पाहिली, आणि १४८५ साली समराथळ येथील वाळूच्या टेकडीवर लोकांना २९ नेम घालून दिले. वीस आणि नऊ, म्हणून ते बिश्नोई. त्यांत स्नान, शुचिता, हरिनाम यांबरोबरच जीवदया आणि हिरवे झाड न तोडणे हेही नेम आहेत. पुढे १७३० साली जोधपूरचे महाराजा अभयसिंह यांच्या बांधकामाला चुना भाजण्यासाठी लाकूड हवे होते. दरबारची माणसे कुऱ्हाडी घेऊन खेजडलीत आली. अमृतादेवी नावाच्या बाईने झाडाला मिठी मारली आणि तिचे मस्तक तुटले. तिच्यामागून तिच्या तीन मुली. मग गावोगावचे लोक येत गेले, आणि एकंदर ३६३ माणसांनी झाडांसाठी देह ठेवला. तेव्हा कुठे तोड थांबली, आणि बिश्नोई गावांत झाड तोडण्यास दरबाराकडून मनाई झाली.

आम्ही त्या जागी उभे राहिलो तेव्हा मनात आले की, हे लोक काही एका दिवसात तयार झाले नाहीत. १४८५ ते १७३० म्हणजे २४५ वर्षे. तितकी वर्षे घरोघरी, वाळक्या काटक्यांवर चूल पेटविताना, शेतातली खेजडी वळसा घालून नांगरताना, हरिणाच्या पाडसाला दूध पाजताना तो नेम चालला होता. अमृतादेवीच्या अंगी त्या सकाळी जे बळ आले ते सात-आठ पिढ्यांच्या रोजच्या लहान वागण्यातून साठलेले होते. दरबारच्या माणसांनाही झाडाविषयी ज्ञान होते. कोणते लाकूड भट्टीत चांगले जळते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. भाव नसलेले ज्ञान कुऱ्हाड होऊन येते. आणि नेम नसलेला भाव? तो आमच्या ५१ खड्ड्यांत पडलेला आहे.

म्हणून आमच्यापुरते उत्तर असे ठरले. भाव पुरे नाही, आणि ज्ञानही पुरे नाही. भाव जेव्हा नेम होतो, तेव्हा ज्ञान त्याच्यामागे आपोआप येते, कारण रोज ज्याच्याजवळ जाल त्याचे दुःख तुम्हांला कळू लागते. बाबा काही शाळेत शिकले नव्हते. वीस वर्षे रोपांजवळ बसून शिकले. आपल्या संप्रदायाला हे नवे नाही. वारी म्हणजे तरी काय? उमाळा आला म्हणून जावे, न आला म्हणून राहावे, असे आपण करीत नाही. तिथी आली की निघतो. तोच नेम झाडापाशी का नसावा?

मात्र एक अडचण आपली खास आहे, ती लपवून चालणार नाही. वारकरी चालता आहे आणि झाड उभे आहे. आपण वर्षातून एक रात्र तेथे असतो, आणि झाडाला तहान चैत्र-वैशाखात लागते, जेव्हा आपण तेथे नसतो. तेव्हा झाडाचा खरा धनी तेथे राहणारा माणूस. त्याला न विचारता त्याच्या दारी झाड लावणे म्हणजे त्याच्या डोक्यावर ओझे ठेवून पुण्य आपण घेऊन जाणे.

२०२३ च्या आषाढात आम्ही त्या माळावर पुन्हा थांबलो. आधी म्हातारीकडे गेलो, तिची क्षमा मागितली, आणि विचारले, “आई, कोणती झाडे हवीत? किती जगवता येतील?” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सात. त्याच्यावर माझ्यानं नाय व्हायचं.” तीन कडुनिंब, दोन चिंचा, दोन सौंदडी लावल्या. प्रत्येकीपाशी मडके पुरले. गाजावाजा केला नाही. चैत्र-वैशाखात पाण्याचा टँकर लागला तर त्याचा खर्च दिंडीने उचलायचा, आणि फाल्गुनात व वैशाखात दिंडीतल्या दोघांनी पाळीने जाऊन यायचे, असे ठरले. एक कडुनिंब शेळीने खाल्ला, एक चिंच वाळवीने गेली. २०२५ च्या आषाढात आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा पाच उभी होती. सौंदडी अजून लहानच दिसतात, पण त्यांचे काम खाली चालले असेल असे आम्ही समजतो.

त्या सावलीत आम्ही बसू असे वाटत नाही, आमचे वय झाले. म्हातारीही बसेल असे नाही. पण त्या संध्याकाळी तिने ताकाचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, “माउली, आता ही आपली.”

‘मेली ती कुणाची’ या प्रश्नाला तीन वर्षांनी मिळालेले हे उत्तर आहे. ते आम्ही कीर्तनात सांगत नाही. येथे सांगितले ते एवढ्याचसाठी की, येत्या आषाढात आपणांपैकी कोणाच्या हाती रोप आले, तर ते मातीत ठेवण्याआधी क्षणभर थांबावे आणि वैशाखात याच्याजवळ कोण असेल, हे स्वतःला विचारावे. उत्तर मिळाले तर अवश्य लावावे. न मिळाले तर रोप तेथे राहणाऱ्या कोणाच्या हाती द्यावे, आणि आपण त्याच्यासाठी घागर उचलावी.

रामकृष्णहरी.